थंडी वाजून ताप आला, तर रात्र अंगावर काढू नका

ज्यांच्या घरात किडनी प्रत्यारोपण झालेलं माणूस आहे, त्यांनी हे आजच वाचावं आणि वाचून झाल्यावर घरातल्या आणखी एकाच्या हातात द्यावं. विषय शिरांचा आहे. प्रत्यारोपणानंतर शिरेत शिरणारे जंतू, त्यांच्यापायी शिरेत धरणारी गुठळी, आणि त्या दोहोंमुळे हातची जाणारी किडनी, कधी जीवसुद्धा. असं सगळ्यांना होत नाही. पण ज्याला होतं त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो आणि त्यातला मोठा भाग घरीच गेलेला असतो. ‘सकाळी बघू’, ‘हवा बदललीय’, ‘व्हायरल असेल’, ‘जवळच्या डॉक्टरांकडे एक सलाईन लावून येऊ’. दवाखान्याच्या दारात पोचलेल्या नातेवाइकांकडून ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की ती तुमच्या तोंडी येण्याआधीच अडवावीत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मी किडनी वॉर्डात परिचारिका आहे. डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून ऑपरेशनपर्यंत आणि पुढे वर्षानुवर्षांच्या तपासण्यांपर्यंत ही माणसं आमच्या डोळ्यांसमोर असतात. आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला, भावाने बहिणीला दिलेली किडनी असते. कुणाला ती झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाच्या विभागीय केंद्राच्या, यादीत कित्येक वर्षं थांबल्यावर, एखाद्या अनोळखी कुटुंबाने आपल्या माणसाच्या मृत्यूच्या घटकेला घेतलेल्या निर्णयातून मिळालेली असते. अशी मिळालेली किडनी हातावरच्या एका सुईच्या भोकापायी गेलेली पाहणं सोसत नाही.

आधी नवी किडनी बसते कुठे ते समजून घ्या. ते कळलं की पुढचं लक्षात ठेवावं लागत नाही. जुन्या दोन्ही किडन्या पाठीमागे बहुधा तशाच राहू देतात. नवी बसते ओटीपोटात, एका कुशीला, बऱ्याचदा उजव्या. हात लावला तर कातडीखाली लागते. तिची रोहिणी पायाकडे उतरणाऱ्या मोठ्या रोहिणीला जोडतात आणि तिची शीर पायाकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेला. म्हणजे पायातून हृदयाकडे निघालेलं रक्त आणि नव्या किडनीतून बाहेर पडलेलं रक्त पुढे एकाच वाटेने जातं. त्यामुळे किडनी ज्या कुशीत आहे त्या बाजूचा पाय एकाएकी सुजला, मांडी जड वाटायला लागली, तर चप्पल घट्ट होती की प्रवास फार झाला याचा शोध घेत बसू नका. त्या वाटेत कुठेतरी अडथळा आला आहे असं धरूनच चाला.

जन्मजात किडनीला रक्त परत पाठवायला मुख्य शिरेखेरीज लहानसहान आडवाटा असतात. बसवलेल्या किडनीला त्या नसतात. बंधाऱ्याला एकच सांडवा असावा, तशी तिची ती एक शीर. मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त तिच्यात येत असतं. बाहेर पडायची वाट गुठळीने बुजली तर किडनी काही तासांत फुगते, काळीनिळी पडते, क्वचित फाटतेही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत हा धोका सगळ्यांत जास्त असतो. किडनीच्या जागी अचानक दुखू लागणं, तिथे ताण आल्यासारखं वाटणं, लघवी लालसर होणं, लघवी कमी पडणं यांपैकी काहीही दिसलं, तर घरी आलेल्या माणसाला त्याच क्षणी परत न्या. ‘परवा तपासणीची तारीख आहेच’ म्हणून थांबू नका. परवापर्यंत ती किडनी राहीलच असं नाही.

पहिले आठवडे निभावले म्हणजे सुटलो, असंही नाही. त्यानंतरच्या काळात हा धोका जंतूंच्या वाटेने येतो. शिरेत गुठळी धरायला तीन गोष्टी कारण होतात. प्रवाह मंद होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. आमच्या पेशंटमध्ये या तिन्ही सहज जमून येतात. ऑपरेशननंतरचं अंथरूण असतं. किडनीशेजारी लसीकेचं पाणी साठून शिरेवर दाब येतो. मानेतल्या, मांडीतल्या, हातातल्या सुया आणि नळ्या आतलं अस्तर खरवडत असतात. वर स्टेरॉइड असतं, आणि सायटोमेगॅलो नावाचा विषाणू उसळला तर तोही रक्ताला गोठायला लावतो. अशा जागी धरलेल्या गुठळीत जंतू शिरले की प्रकरण बिघडतं. गुठळीच्या आत रक्त खेळत नाही, म्हणून अँटिबायोटिकही पुरेसं पोचत नाही. जंतू तिथे सुखरूप राहतात आणि थोडे थोडे रक्तात सुटत राहतात. औषध चालू आहे तोवर ताप उतरतो, कोर्स संपला की पुन्हा चढतो. घरचे म्हणतात, ‘ताप मुरलाय.’ तोपर्यंत गुठळीचे बारीक तुकडे सुटून हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात गेलेले असतात आणि तिथे पू धरू लागलेला असतो. खोकला येतो, छातीत टोचतं. जंतू हृदयाच्या झडपेवर बसू शकतात, मणक्यात घर करू शकतात. महिनाभर पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या पाठदुखीची सुरुवात हाताच्या शिरेत झालेली असू शकते.

हे सगळं लवकर का कळत नाही? टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन या रोजच्या गोळ्या शरीराला नवी किडनी झिडकारू देत नाहीत, आणि त्याच वेळी जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही आवरून धरतात. लाली, सूज, पू, ताप ही त्या लढाईची बाहेर दिसणारी चिन्हं. लढाई मंदावली की चिन्हंही मंदावतात. धडधाकट माणूस ज्या संसर्गात तापाने फणफणला असता, त्यात आमच्या पेशंटला नुसती कणकण असते, तोंडाची चव गेलेली असते, जरा गळून गेल्यासारखं वाटत असतं. म्हणून घरात थर्मामीटर ठेवा आणि कपाळाला हात लावून ठरवू नका. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, एवढा ताप एकदाही दिसला तर त्याच वेळी आपल्या किडनी युनिटला फोन करायचा. त्याखालची कणकण दुसऱ्या दिवशीही राहिली तरी करायचा. आणि हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन गोधड्या घालूनही थंडी जाईना, तर थर्मामीटरवर आकडा कितीही असो, घड्याळात रात्रीचे कितीही वाजलेले असोत, निघायचं. पॅरासिटामॉल घेऊन ‘उतरला बघ’ म्हणत झोपू नका. त्याने आकडा उतरतो, जंतू रक्तात तसेच राहतात.

एक पेशंट डोळ्यांसमोरून जात नाही. चाळिशीतला शेतकरी, प्रत्यारोपणाला दीडेक वर्ष झालेलं, तब्येत उत्तम. जुलाब झाले म्हणून गावाजवळ सलाईन लावून घेतलं. ‘उद्या परत यायचंय, पुन्हा टोचायला नको’ म्हणून सुई हातातच ठेवून, वर चिकटपट्टी गुंडाळून त्याला घरी पाठवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले, तो गेलाच नाही. सुई तशीच राहिली. त्या हाताने त्याने जनावरांना वैरण घातली, आंघोळी केल्या, मोटारसायकल चालवली. आमच्याकडे आला तो लघवी कमी झाली म्हणून. शर्टाची बाही वर केली तेव्हा चिकटपट्टीच्या कडा मातीने काळ्या झाल्या होत्या. पट्टी भिजवून सोडवली, तर खाली पिवळसर ओल. सुईपासून कोपरापर्यंतची शीर बोटाखाली कडक, ताठ लागत होती. लाली शोधावी लागेल इतकी कमी. ताप शंभराला टेकलेला. मी विचारलं, ‘दादा, दुखत नव्हतं का?’ तो म्हणाला, ‘दुखत होतं थोडं, पण सिस्टर, हाताचं काय एवढं?’ रक्ताच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस निघाला. आधी शिरेतून आणि मग तोंडाने असं कित्येक आठवडे औषध चाललं. सर्जननी ती शीर उघडून आतली पुवाची गुठळी काढली. माणूस वाचला, किडनीही राहिली, पण क्रिएटिनिन पहिल्या जागी परत कधी आलं नाही.

तेव्हा पहिलं आणि सगळ्यांत कळकळीचं मागणं सुईबद्दल. इंट्राकॅथ म्हणा, व्हेनफ्लॉन म्हणा, कॅन्युला म्हणा, ज्या दिवशी तिचं काम संपलं त्या दिवशी ती निघाली पाहिजे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने हातात सुई घेऊन घरी जाऊ नये. दवाखान्यात भरती असाल तर पट्टीवर सुई लावल्याची तारीख आहे का बघा, नसेल तर सिस्टरला लिहायला सांगा. तिला राग येणार नाही, आणि आला तरी सांगा. पट्टी ओली झाली, सुटली, आतलं रक्त दिसायला लागलं, औषध जाताना आग झाली, शीर वरपर्यंत दुखू लागली, की लगेच दाखवा. दुसऱ्या पेशंटला हाताळून आलेल्या हातांनी कुणी तुमची सुई उघडायला आलं, तर ‘हात धुतलेत का?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि मुळात सलाईन लागतंच आहे का, हेही विचारा. जो माणूस पिऊ शकतो त्याला ‘शक्तीची बाटली’ नको असते. आपल्याकडे सलाईनवर फार भरवसा आहे, आणि त्या भरवशाची किंमत आमच्या पेशंटच्या शिरा मोजतात.

डायलिसिसच्या काळातला मानेतला किंवा छातीवरचा कॅथेटर, ज्याला सगळे परमकॅथ म्हणतात, तो बऱ्याच जणांना जणू विमा वाटतो. ‘राहू द्या, लागला तर असावा.’ नवी किडनी नीट काम करते आहे याची डॉक्टरांना खात्री पटली की तो काढून घ्यायचा असतो. कधी काढायचा हे प्रत्येक भेटीत विचारत राहा. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टोक असलेली ती नळी जितके दिवस राहील तितके दिवस जंतूंना आत जायला वाट उघडी आहे. ती असेपर्यंत तिच्यावर पाणी घेऊन आंघोळ नको. डायलिसिसच्या माणसांखेरीज ती कुणीही उघडायची नाही, आणि सलाईन द्यायला सोपं म्हणून तर अजिबात नाही. नळीतून औषध सोडल्यावर किंवा मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली, तर जंतू नळीतच बसलेले असण्याचा संभव मोठा असतो. मान, चेहरा किंवा एकच हात सुजला, छातीवर शिरा उठून दिसू लागल्या, तर छातीतली मोठी शीर तुंबली असू शकते. हेही त्याच दिवशी कळवायचं.

फिस्टुलाबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाजवळ शीर आणि रोहिणी जोडायची ही युक्ती जगासमोर मांडली आणि लाखो लोकांचं डायलिसिस सुकर झालं. पण किडनी बदलली की घरचे फिस्टुला विसरतात. तो हातात असतोच. रोज सकाळी त्याच्यावर बोटं ठेवून थरथर लागते का पाहा. थरथर थांबली, शीर कडक झाली, तिथे गरम लागलं, दुखलं, तर त्याच दिवशी दाखवा. फुगवट्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल, खपली धरली असेल, तर ती खपली कधीही खरवडू नका. ती फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते. तेव्हा स्वच्छ कापडाने बोटं नेमकी त्या भोकावर घट्ट दाबून धरायची, हात वर करायचा, कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावायचा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बोट उचलायचं नाही. ज्यांच्या हातात कृत्रिम नळीचा ग्राफ्ट घातलेला आहे आणि तो कधीच बंद पडलेला आहे, त्यांनी तापाच्या वेळी त्याची आठवण डॉक्टरांना मुद्दाम करून द्यावी. बंद ग्राफ्टमध्ये जंतू दडून राहतात. वरून काही दिसत नाही, आणि सगळीकडे शोधाशोध होऊन तोच तपासायचा राहतो.

तरुण पेशंटसाठी वेगळं सांगायला हवं. स्टेरॉइडमुळे चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना त्याचा किती त्रास होतो ते मला दिसतं. पण नाकाच्या दोन्ही बाजू आणि वरचा ओठ इथली पुटकुळी पिळू नका, सुईने फोडू नका, पार्लरमध्ये फोडून घेऊ नका. या भागातल्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेशी जोडलेल्या आहेत आणि इथलं रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं. पुटकुळीतला जंतू त्या वाटेने आत गेला तर तिथे गुठळी धरते. पापण्या सुजतात, डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो, एकाची दोन चित्रं दिसतात, डोकं असह्य दुखतं. असं झालं तर तास मोजायचे असतात.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली, ते दिवस अजून कुणी विसरलेलं नाही. म्युकर ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, आत गुठळ्या धरवते आणि पुढचा भाग रक्ताविना काळा पडतो. कोविडच्या आधीही ती आमच्या पेशंटना होत होती आणि आजही होते, कारण स्टेरॉइड आणि वाढलेली साखर या तिच्या दोन्ही आवडत्या गोष्टी इथे एकत्र असतात. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडमुळे पूर्वी नसलेला मधुमेहही प्रत्यारोपणानंतर होतो, म्हणून साखर तपासायचा कंटाळा करू नका. एका बाजूचं नाक चोंदणं, गाल बधिर होणं, नाकातून काळसर खपली येणं, वरच्या जबड्यातले दात हलणं ही लक्षणं घेऊन आधी दातांच्या, मग कानाच्या, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आठवडाभर फिरत बसू नका.

आणि पावसाळा. चिखल्या झालेली बोटं, टाचांच्या भेगा, भातलावणीत चिखलात उघडे पाय, या सगळ्यांतून जंतू पायाच्या कातडीत आणि तिथून शिरांत जातात. कोकण, गोवा आणि खालच्या किनारपट्टीच्या मातीपाण्यात मेलिऑइडोसिस नावाच्या आजाराचे जंतूही असतात. मधुमेही आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसांना तो फार जोरात होतो आणि साध्या औषधांना दाद देत नाही. शेतावर जाऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू, घर त्यावर चालतं. पण गमबूट घाला, संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिखल्यांवर वेळीच मलम लावा, आणि ताप आल्यावर डॉक्टरांना ‘मी चिखलात काम करतो’ हे न विचारता सांगा.

आता घरगुती उपायांचं. सुजलेल्या हातापायावर हळद-चुना थापणं, आंबेहळद उगाळून लावणं, बिब्बा घालणं, गरम वीट फडक्यात गुंडाळून शेकणं, तेल लावून खालून वर मालिश करणं, हे सगळं मायेपोटी होतं. पण शिरेत गुठळी असेल तर मालिशने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बिब्ब्याने कातडी उततेच, आणि उतलेली कातडी म्हणजे जंतूंना नवं दार. पाय उशीवर उंच ठेवा, चोळू नका, आणि निघा.

ताप आला की काही घरांत ‘शक्ती कमी करणाऱ्या’ म्हणून प्रत्यारोपणाच्या गोळ्याच बंद करतात. असं करू नका. कोणती गोळी कमी करायची, कोणती काही दिवस थांबवायची, हे डॉक्टर ठरवतात, आणि ते रोज तपासण्या बघून ठरवतात. आपल्या मनाने बंद केलेल्या गोळीने किडनी नाकारली जाते आणि मग संसर्गाशी आणि त्या नकाराशी एकाच वेळी झुंजावं लागतं. तसंच दुकानातून परस्पर औषध घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला थेट मारतात. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलसारख्या गोळ्या रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी चढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन ती पाडतं. औषध दुकानदारालाही माझी हीच विनंती आहे. समोरच्याने ‘किडनी बदललीय’ म्हटलं की हात आखडता घ्या आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवा.

गावोगावच्या डॉक्टरांना आणि माझ्या परिचारिका भगिनींना हे नम्रपणे सांगायचं आहे. या पेशंटला पहिले तुम्हीच भेटता आणि त्याचं पुढे काय होतं हे बऱ्याच अंशी तुमच्या पहिल्या तासावर अवलंबून असतं. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी दोन वेगळ्या जागांहून ब्लड कल्चर घ्या. कॅथेटर असेल तर एक त्यातूनही घ्या. एकदा औषध गेलं की कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही आणि पुढचे सहा आठवडे आम्ही अंधारात औषध निवडतो. मात्र पेशंटचं बीपी पडत असेल आणि कल्चरची सोय नसेल, तर त्यासाठी औषध अडवून धरू नका. डोस द्या, काय आणि किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर लिहा, आणि १०८ मधून पुढे पाठवा. जेंटामायसिन, अमिकासिन सवयीने टोचण्याआधी किडनी युनिटला एक फोन करा. डॉपलर सोनोग्राफीला शिरेतून डाय द्यावी लागत नाही आणि ती खाटेशेजारी होते. पाय सुजला असेल, किडनीवर दुखत असेल, तर ती उद्यावर टाकू नका. योग्य अँटिबायोटिक सुरू होऊन तीन दिवस झाले आणि ताप हटत नाही, तर दुसरं अँटिबायोटिक जोडण्याआधी हात, मान, मांडी, जिथे जिथे सुई किंवा नळी होती तिथली प्रत्येक शीर बोटांनी चाचपून पाहा. सुई लावताना फिस्टुलाचा हात सोडा आणि दुसऱ्या हाताच्या पंजामागची शीर घ्या. सुईचं किंवा नळीचं टोपण उघडण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने किमान १५ सेकंद घासा. गर्दीच्या वॉर्डात हे १५ सेकंद किती महाग असतात हे मला ठाऊक आहे, तरी सांगते.

अंतराची आणि पैशांची अडचण मला कळते. प्रत्यारोपणाची केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत आहेत, आणि पेशंट धडगावचा असतो, अहेरीचा असतो, सावंतवाडीचा असतो. रात्री गाडी मिळत नाही, मिळाली तर भाडं परवडत नाही. म्हणून आधी फोन. युनिटमध्ये रात्रपाळीला कुणीतरी असतंच. लाज वाटून, ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून फोन टाळू नका. जवळच्या जिल्हा रुग्णालयात जा असं ते सांगतील तर तिथे जा. रक्त तिथे घेतलं जाईल, पहिला डोस तिथे मिळेल. पुण्यामुंबईला पोचेपर्यंत विनाऔषध प्रवास करण्यापेक्षा ते फार बरं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, खर्चाचं त्याच्याशी बोला. पण ते बोलणं एक जण करेल, तोवर दुसऱ्याने पेशंटला आत न्यायचं.

प्रत्यारोपणाला वर्षं उलटून गेलेल्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदा लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, आणि आपल्याकडे कित्येक वर्षं दुसऱ्याच्या किडनीवर उत्तम जगणारी माणसं आहेत. नेमकी तीच निर्धास्त होतात. तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षाने. गोळ्या चालू आहेत तोवर जंतूंपुढे तुम्ही पहिल्या वर्षाइतके नसलात तरी उघडे आहातच.

आता एक काम करा. कागद-पेन घ्या आणि ठळक, सुटसुटीत अक्षरात हे लिहा. ‘यांची किडनी बदललेली आहे, अमुक बाजूला, अमुक साली. या गोळ्या आणि एवढे डोस चालू आहेत. शेवटचं क्रिएटिनिन इतकं. या औषधांची ॲलर्जी आहे. फिस्टुला या हाताला आहे, तिथे सुई लावू नका, बीपी बघू नका. ताप असेल तर अँटिबायोटिकआधी दोन ठिकाणांहून ब्लड कल्चर घ्या. किडनीचा आणि त्या बाजूच्या पायाचा डॉपलर करा. आमच्या युनिटचा रात्रीचा नंबर हा आहे, कृपया त्यांच्याशी बोला.’ कागदाच्या दोन प्रती करा. एक पेशंटच्या पाकिटात, दुसरी घरातला जो माणूस रात्री हाकेला उठतो त्याच्याजवळ. मोबाइलमध्ये लिहून भागणार नाही. ताप चढलेल्या माणसाचा मोबाइल लॉक असतो आणि कॅज्युअल्टीत तो उघडत बसायला कुणाला वेळ नसतो. युनिटचा रात्रीचा नंबर बदलला नाही ना, हे उद्या सकाळी एकदा लावून बघा.